तीन पॉइंट नऊ सहा

सरांच्या शोकसभेत लोक हसले. एकदा नाही, पाचदा. चार वेळा सरांवर आणि एकदा माझ्यावर. मी मोजलं. मोजल्याशिवाय आकडा बोलायचा नाही, ही सवय सरांचीच.

केजपासून थोडं आत असलेल्या एका गावातलं आमचं कनिष्ठ महाविद्यालय. मधल्या हॉलमध्ये सरांचा फोटो, फोटोला हार, मागे कापडी फलक. फलकावर लिहिलं होतं, ‘सुमारे तीस वर्षांची अखंड सेवा’. सरांच्या फोटोखाली ‘सुमारे’! जिवंत असते तर त्यांनी तो फलक स्वतः खुर्चीवर चढून उतरवला असता आणि ‘अठ्ठावीस वर्षं चार महिने’ असं लिहून परत लावला असता. आणि ‘अखंड’ तर धडधडीत खोटं होतं. ती सेवा खंडित करणारी माणसं त्याच व्यासपीठावर पहिल्या रांगेत बसली होती.

भाषणं सुरू झाली. संस्थेचे सचिव बोलायला उभे राहिले. आम्ही शिकत होतो तेव्हा हेच आमचे प्राचार्य होते. त्यांनी सरांचा एसटीतला किस्सा सांगितला, हॉलमध्ये हशा पिकला, आणि शेवटी ते म्हणाले, “असे अवलिये आता होणे नाही.” लोकांनी टाळ्या वाजवल्या.

किस्सा खोटा नव्हता. म्हणून तर मला जास्त राग आला. माणसाचा अर्धा भाग खरा खरा सांगायचा आणि उरलेला गिळून टाकायचा, ही लबाडी मला त्या दिवशी समोर बसून पाहावी लागली. तो उरलेला भाग मी इथे लिहिते आहे. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. मी जी काही झाले त्यात सरांचा हात आहे, आणि त्यांच्यावर हसणाऱ्यांत मला बसायचं नाही.

आधी तो किस्सा. सर घाटनांदूरचे. तिथून अंबाजोगाई, अंबाजोगाईहून केज, मग जीप, असा रोजचा प्रवास. एकदा अंबाजोगाईच्या स्टँडवर कंडक्टरनं गाडीतली माणसं मोजली आणि ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, “साडेबेचाळीस!” सर उठून उभे राहिले.

“अर्धा माणूस दाखवा मला.”

“सर, ते ल्हान पोरगं हाय. अर्धं तिकीट.”

“तिकीट अर्धं असंल. पोरगं आख्खं हाय. त्रेचाळीस म्हणा, मंग घंटी मारा.”

गाडी उभी. उन्हाळ्याचे दिवस. मागून कोणीतरी म्हणालं, “ओ मास्तर, बसा की खाली! त्रेचाळीस तर त्रेचाळीस!” शेवटी कंडक्टरनं कपाळाला हात लावून “त्रेचाळीस” म्हटलं, तेव्हा सर बसले. त्या दिवसापासून त्या मार्गावरचे सगळे कंडक्टर सरांना बघितलं की आधी पोरं मोजायचे.

सर उंच, सडपातळ. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. शर्टाच्या खिशात दोन पेनं, एक निळं, एक लाल. ते हसलेले मी दोनदा पाहिले. ‘साधारण’ हा शब्द त्यांच्या वर्गात उच्चारायची सोय नव्हती. चुकून तोंडातून गेला तर उभं राहून पहिल्या वीस मूलद्रव्यांची अणुवस्तुमानं म्हणायची. हायड्रोजन एक, हेलियम चार, लिथियम सात... पहिल्या महिन्यात मी इतक्यांदा उभी राहिले की ती यादी मला आजही पाठ आहे. गुणही ते तुकड्यात द्यायचे. साडेचौतीस मिळालेल्या मुलाला त्यांनी घटक चाचणीत नापास ठेवलं. वर्गानं आरडाओरडा केला तर म्हणाले, “मार्काचे तुकडे पडतात. पडतात तर तसेच लिहायचे.” पोरं त्यांना मागे ‘पॉइंट सर’ म्हणायची. मीही म्हणायची.

आमच्या वस्तीवरून अकरावी विज्ञानला आलेली मी एकटी. दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, मेंढरं होती. घरात पुस्तक म्हणजे माझंच. त्यामुळे रेणू, अणू, टक्केवारी हे शब्द पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी नुसती फळ्याकडे बघत बसायची. सरांनी ते ओळखलं असावं. एक दिवस फळ्यावर त्यांनी चक्क जीप काढली.

“जीपमधल्या माणसांचं मिळून वजन सहाशे किलो. त्यातलं पंचवीस टक्के वजन म्हाताऱ्यांचं. एक म्हातारी पन्नास किलोची. म्हाताऱ्या किती?”

सहाशेचे पंचवीस टक्के दीडशे. भागिले पन्नास. “तीन, सर,” मागून एक मुलगा म्हणाला.

“आता समजा काटा जरा खराब हाय. उत्तर आलं दोन पॉइंट नऊ सात. म्हाताऱ्या किती?”

“तीनच, सर.”

“कावून?”

“म्हातारी तुकड्यात बसत न्हाई, सर.”

वर्ग हसला. सरही हसले; ते पहिलं हसू. मग जीपच्या जागी त्यांनी रेणू लिहिला, माणसांच्या वजनाच्या जागी रेणूवस्तुमान, म्हातारीच्या जागी अणू. बस्स. एका रेणूत एखाद्या मूलद्रव्याचे अणू किती, हे टक्केवारीवरून कसं काढायचं ते मला त्या दुपारी कळलं ते कायमचं.

त्यांची पद्धत ठरलेली. रेणूवस्तुमान लिही. टक्केवारीनं गुण, शंभरानं भाग. त्याला त्या मूलद्रव्याच्या अणुवस्तुमानानं भाग. आलं ते लिही, जसं आलं तसं. आणि मग खाली एक रिकामी ओळ सोडून, “आता निसर्गाला विचार.” म्हणजे काय, तर ही वस्तू तुकड्यात असू शकते का, हे विचार. नसेल, तर पूर्णांक कर. असेल, तर हात लावू नको.

सहामाहीत प्रश्न आला. हिमोग्लोबिनमध्ये लोह शून्य पॉइंट तीन तीन टक्के, रेणूवस्तुमान सदुसष्ट हजार दोनशे, लोहाचं अणुवस्तुमान छप्पन्न. तर एका रेणूत लोहाचे अणू किती? मी लिहिलं, चार. थेट. पेपर परत आला तेव्हा त्या प्रश्नावर लाल शाईत शून्य.

मी उभी राहिले. “सर, उत्तर चारच आहे.”

“चार कुठून आले?”

मी खाली पेपरकडे बघितलं.

“गाईडातून आले का?”

“हो, सर.”

“उत्तर बरोबर हाय. पण ते तुझं न्हाई.” मला खडू दिला. “काढ.”

मी फळ्यावर काढलं. सदुसष्ट हजार दोनशे गुणिले शून्य पॉइंट तीन तीन, भागिले शंभर. दोनशे एकवीस पॉइंट सात सहा. भागिले छप्पन्न. तीन पॉइंट नऊ सहा. ओळ सोडली. निसर्गाला विचारलं. चार.

“आता हे तुझं,” सर म्हणाले. शून्य मात्र शून्यच ठेवलं. मी घरी जाऊन रडले आणि त्यांना मनात शिव्या घातल्या.

त्या वर्षी मला चक्कर यायची. हापशावर पाणी भरताना दोनदा पडले. वर्गात दुपारच्या तासाला डोळ्यांपुढे अंधारी यायची. आई म्हणायची, रात्रंदिवस पुस्तकात डोकं घालून पोरगी खंगली. आजूबाजूच्या बायका तेच म्हणायच्या. दादा काही म्हणत नसत, पण विचार करत होते, आणि त्यांचा विचार कुठे चालला आहे ते मला दिसत होतं.

अशात महाविद्यालयात मुलींची आरोग्य तपासणी झाली. बाहेरून पथक आलं, बॅनर लागला, पाहुण्यांनी फीत कापली, फोटो निघाले. आमच्या वर्गातल्या आम्ही चौसष्ट मुली रांगेत उभ्या राहिलो. पहिल्या तेवीस जणींची बोटं टोचली, मशीनमध्ये पट्टी घातली, आकडे आले. मग पट्ट्या संपल्या. आम्हाला वर्गात जायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना शिक्का मारलेली कार्डं मिळाली. माझ्या कार्डावर हिमोग्लोबिन बारा.

आता खरं सांगते. मला ते खोटं वाटलंच नाही. माझं बोट टोचलेलं नाही हे मला माहीत होतं, तरीही. शिक्का होता. सही होती. मला वाटलं, त्यांना कळत असेल काहीतरी. गाईडातलं चार जसं मी उचललं होतं, तसंच हे बारा उचललं आणि घरी नेऊन दादांच्या हातात दिलं.

दादांनी ते शेजारच्या पोराकडून वाचून घेतलं. बारा म्हणजे चांगलं, हे त्या पोरानं सांगितलं. दादांनी कार्ड घडी करून खिशात ठेवलं.

“रगत चांगलं हाय, माय,” ते मला म्हणाले. “म्हंजे चक्कर ही पुस्तकाचीच. शिक्कं मारून दिलंय त्यांनी. जीव गेल्यावर बारावी काय कामाची? सोमवारपून जाऊ नगंस.”

त्यात राग नव्हता. दादा मला आयुष्यात कधी टोचून बोलले नाहीत. ते मला वाचवत होते. एका खोट्या आकड्यावर विश्वास ठेवून माझं शिक्षण संपवत होते आणि मनापासून मला वाचवत होते. हे आठवलं की आजही हाताच्या मुठी वळतात; दादांसाठी नाही, तो बारा लिहिणाऱ्यासाठी.

मी शनिवारी शेवटचं म्हणून वर्गात गेले. त्याच दिवशी तपासणीचा तक्ता विज्ञान विभागाच्या सहीसाठी सरांकडे आला होता. सर तो तक्ता हातात घेऊनच वर्गात शिरले. न बोलता फळ्यावर लिहायला लागले. आठ पॉइंट सात. नऊ पॉइंट चार. दहा पॉइंट एक. असे तेवीस आकडे. मग बारा. बारा. बारा. फळा संपेपर्यंत बारा.

“चोविसाव्या पोरीपासून पुढं सगळ्यांचं रक्त एकाच मापाचं कसं काय झालं?” त्यांनी विचारलं. “ज्यांचं बोट टोचलं न्हाई त्यांनी हात वर करा.”

एकेचाळीस हात वर झाले. सर ते हात मोजत बाकांमधून फिरले. त्यांचे हात पाठीमागे बांधलेले होते, आणि ते प्रत्येक बाकापासून दोन हात लांब उभे राहत होते. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे याच फेरीचं काय केलं गेलं ते सांगायचं आहे.

तास संपल्यावर ते प्राचार्यांच्या खोलीत गेले. आम्ही चार-पाच जणी व्हरांड्यात होतो. खिडकी उघडी होती.

“पट्ट्या संपल्या, सर. पुढचं साधारण तेवढंच असतं,” प्राचार्य म्हणाले.

“कोणाचं?”

“सगळ्यांचंच. नॉर्मल बारा असतं.”

“मंग तपासायचं कावून? टाकून द्या बारा आख्ख्या जिल्ह्याला.”

“सर, तीन वाजेपर्यंत तक्ता पाठवायचाय. तुमची फक्त सही पाहिजे. आणि तुम्हीच तर शिकवता, तीन पॉइंट नऊ सहा आलं की चार लिहा. हे तसंच आहे.”

मग सरांचा आवाज आला. हळू, पण प्रत्येक शब्द व्हरांड्यापर्यंत पोचेल असा.

“तीन पॉइंट नऊ सहा मी आधी काढलंय. भागाकार करून. तुमी काय काढलं? अणू तुकड्यात नसतो, म्हणून चार. रक्त तुकड्यात असतं. सात असतं, सहा असतं, सहा पॉइंट दोन बी असतं. तिथं पूर्णांक करायची परवानगी निसर्गानं कोणालाच दिलेली न्हाई. तुमाला बी न्हाई, मला बी न्हाई. मी सही करत नसतो.”

ते बाहेर आले आणि आमच्यासमोर थांबले. एक मैत्रीण बोलून गेली, “सर, हिचं तर कॉलेज बंद केलं घरच्यांनी, त्या बारामुळं.” मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सरांनी माझ्याकडे बघितलं. “वडील कुठं असतात आत्ता?” एवढंच विचारलं.

आमची मेंढरं तेव्हा ज्वारी काढलेल्या एका रानात लेंडीखतासाठी बसवली होती. दिवस मावळतीला दादा जाळीच्या कुंपणाला एक फट ठेवायचे, फटीपाशी काठी आडवी धरून उभे राहायचे आणि मेंढरं मोजत आत घ्यायचे. सर तिथे पोचले तेव्हा तेच चाललं होतं. स्टँडवरून चालत आले होते, चपला धुळीनं भरलेल्या. शेवटचं मेंढरू आत जाईपर्यंत सर बोलले नाहीत. मग विचारलं, “किती हायत?”

“एक्क्याऐंशी,” दादा म्हणाले.

“साधारण ऐंशी म्हणू का?”

त्यांच्या तोंडून तो शब्द मी आयुष्यात तेवढ्याच वेळी ऐकला.

“कावून म्हणता?” दादा. “मंग एक कुठं गेलं?”

“एवढ्या मोठ्या कळपात एकानं काय होतंय, दादा?”

दादा चिडले. मास्तर म्हणून दबून बोलायचं हे विसरले. “सर, तुमी शिकलेली मानसं. न मोजता आत घेतलं ना, तर मेंढरू भाईर ऱ्हातं अन् लांडगा आत येतो. ऐंशी म्हणं!”

सरांनी मान हलवली. “बरोबर. मंग ते पोरीचं कार्ड काढा. त्याच्यावर बारा लिहिलंय. लिहिणाऱ्यानं मोजलं व्हतं का, हे तिला इचारा.”

दादांनी माझ्याकडे बघितलं. “बोट टोचलं न्हाई तुझं?”

“न्हाई, दादा.”

“मंग बारा कुठून आलं?”

सरांनी मला विचारला होता तोच प्रश्न. तसाच. शाळेची पायरी न चढलेल्या माझ्या बापानं तो जागच्या जागी विचारला, आणि शिकलेल्या मला तो चार दिवसांत सुचला नव्हता.

सर हसले. ते दुसरं हसू. “रविवारी पोरीला घेऊन या,” म्हणाले.

केजच्या स्टँडजवळ सरांचा एक जुना विद्यार्थी रक्त तपासणीची लॅब चालवायचा. सरांनी त्याला त्याच्या सामानासह बोलावलं. शनिवारीच मुलींच्या हाती एकेचाळीस घरी चिठ्ठ्या पाठवल्या होत्या, प्रत्येक चिठ्ठीवर पालकाची सही किंवा अंगठा घेतला. महाविद्यालयाची खोली मिळाली नाही, तर मारुतीच्या मंदिरासमोरच्या पारावर टेबल मांडलं. सकाळपासून एकेक मुलगी, सोबत आई नाहीतर बाप. बाराला पोचलेल्या दोघीच निघाल्या. माझं आलं सहा पॉइंट आठ.

सरांनी माझ्या कार्डावरच्या बाराला लाल पेनानं आडवी रेघ मारली. शेजारी लिहिलं, ६.८. खाली सही, आणि वेळ, सकाळी अकरा वीस. मग दादांकडे वळले. “हे पुस्तकाचं न्हाई. लोह कमी हाय. दवाखान्यात न्या. अन् सोमवारी वर्गात पाठवा. हिचा भागाकार चुकत न्हाई, अशा पोरीला घरी ठेवत नसत्यात.”

दादांनी दोन्ही केलं. ग्रामीण रुग्णालयात इंजेक्शनं झाली, गोळ्या सुरू झाल्या. तीन महिन्यांनी दहा पॉइंट चार आलं. मी पळत जाऊन सरांना सांगितलं. म्हणाले, “बारा झालं का? न्हाई ना? मंग गोळ्या चालू.” आणि फळ्याकडे वळले.

शोकसभेत यातलं एक अक्षर कोणी बोललं नाही. यापुढचं तर नाहीच.

त्या रविवारनंतर पंधरा दिवसांत सरांना ‘कारणे दाखवा’ नोटीस आली. संस्थेच्या परवानगीशिवाय बाहेरचा माणूस आणून विद्यार्थिनींचं रक्त काढलं. आणि दुसरा मुद्दा: वर्गात फिरून मुलींचे हात तपासले. ‘हात तपासले’. दोन हात लांबून, पाठीमागे हात बांधून फिरलेल्या माणसाबद्दल हे शब्द कागदावर टाइप केले, आणि गावात चहाच्या टपरीवर त्यांना पाय फुटतील याची व्यवस्था केली. मला तेव्हा सतरावं वर्ष होतं. मी आणि आणखी दोघी प्राचार्यांकडे सांगायला गेलो, तर म्हणाले, “तुमच्या नावाची चर्चा होईल, पोरींनो, तुम्ही यात पडू नका.” आमच्या भीतीचाच त्यांनी उपयोग केला. आम्ही परत फिरलो. हे मला सांगितलंच पाहिजे. आम्ही परत फिरलो.

दादा मात्र गेले होते. काठी बाहेर ठेवून, टोपी हातात घेऊन. त्यांना दुपारभर व्हरांड्यात उभं ठेवलं, आणि प्राचार्य साहेब मागच्या दारानं घरी गेले.

सरांनी नोटिशीला खुलासा दिला तो दोन ओळींचा होता. कार्यालयातल्या शिपायानं तो आम्हाला सांगितला. ‘जे मोजले ते लिहिले. जे मोजले नाही त्यावर सही केली नाही.’ त्यांची बदली झाली. तात्पुरती म्हणून. संस्थेच्या डोंगराकडच्या एका शाखेत, जिथे अकरावी-बारावीच नव्हती, रसायनशास्त्र नव्हतं, प्रयोगशाळा नव्हती. ती तात्पुरती बदली त्यांच्या निवृत्तीपर्यंत टिकली. नऊ वर्षं.

बी.एस्सी. झाल्यावर मी त्यांना भेटायला गेले होते. पाचवीच्या वर्गात जमिनीवर बसून चिंचोक्यांचे ढीग करत भागाकार शिकवत होते. मला रडू यायला लागलं. म्हणाले, “रडायला काय झालं? रसायन न्हाई इथं. भागाकार हाय.” मी पुढे लॅब टेक्निशियनचा कोर्स करणार आहे असं सांगितल्यावर त्यांनी खिशातलं लाल पेन काढून माझ्या हातात ठेवलं. आशीर्वाद वगैरे काही नाही. “रिफिल संपत आलीय,” एवढंच म्हणाले.

आता शोकसभेकडे परत येते. सभेनंतर ‘सरांच्या स्मरणार्थ’ एक कार्यक्रम ठेवला होता. मुलींची हिमोग्लोबिन तपासणी. केजमध्ये मी लॅबमध्ये काम करते हे त्यांना माहीत होतं, म्हणून तपासायला मला बोलावलं होतं. मला आधी बरं वाटलं. वाटलं, चला, उशिरा का होईना, कळलं यांना.

मुली एकशे एकोणीस. संस्थेनं पट्ट्या आणल्या होत्या पन्नास. पन्नास झाल्या आणि मी हात थांबवले. सचिव जवळ आले. वाकून, अगदी सौजन्यानं म्हणाले, “मॅडम, उरलेल्यांना बारा टाका ना. साधारण तेवढंच असतं. लोक जेवायला खोळंबलेत.”

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मागे हार घातलेला फोटो होता. मला वाटलं, हा माणूस मला मुद्दाम डिवचतोय. पण नाही. त्यांच्या डोळ्यांत काहीच नव्हतं. ते विसरले होते. एका माणसाची नऊ वर्षं, त्याची अब्रू, त्याचा फळा काढून घेतला आणि ते लक्षात ठेवण्याइतकंही त्यांना ते मोठं वाटलं नव्हतं. लक्षात राहिला तो एसटीतला किस्सा. मला दुष्टपणाचा इतका राग येत नाही जितका या विसरण्याचा येतो.

मी पर्समधून लाल पेन काढलं. रिफिल कितीदा बदलली आहे देव जाणे. पर्सच्या आतल्या कप्प्यात तेच जुनं कार्ड असतं, बारा खोडलेलं. ते काढून मी टेबलावर त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी ते उचललं, वाचलं, सही ओळखली. चेहरा जरासा उतरला. मग आजूबाजूच्या लोकांकडे बघून मोठ्यानं म्हणाले, “घ्या! मॅडमपण पॉइंट सरच निघाल्या!” सगळे हसले. हे पाचवं.

मी तक्ता पुढे ओढला. एक्कावन्नाव्या नावापुढे लिहिलं, ‘मोजलं नाही’. बावन्नाव्यापुढे लिहिलं, ‘मोजलं नाही’. एकदाच लिहून खाली रेघ ओढता आली असती, पण मी प्रत्येक नाव वाचून लिहिलं. लोक जेवायला निघून गेले. मुली मात्र थांबल्या होत्या, आपापल्या नावापुढे काय लिहिलं जातंय ते वाकून बघत. मी शेवटी सही केली आणि वेळ लिहिली, दुपारी दोन सत्तेचाळीस.

घरी आले तेव्हा दादा ओट्यावर बसले होते. आता मेंढरं नाहीत, गुडघे साथ देत नाहीत. पण दिवस मावळतीला ते अजून ओट्यावर येऊन बसतात आणि रस्त्यानं घरी परतणाऱ्यांकडे बघत राहतात. सरांच्या सभेला त्यांना यायचं होतं, झेपलं नाही. “काय काय झालं?” त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. फलक, भाषणं, हसणं, बारा. ते ऐकत होते. मला वाटलं, त्या माणसाला शिव्या देतील.

“पोरी किती व्हत्या म्हणलीस?”

“एकशे एकोणीस.”

“अन् मोजून झाल्या?”

“पन्नास.”

दादांनी डोळे बारीक केले. काठी जमिनीवर आडवी ठेवली, कुंपणाच्या फटीपाशी धरायचे तशी.

“मंग एकोणसत्तर भाईर हायत अजून,” ते म्हणाले. “त्या कवा आत घ्यायच्या?”